शोधयंत्रांचे 'अपडेट', स्पॅम आणि आपण : लोणारच्या निमित्ताने एक टिपण

बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालयांत पर्यावरण अभ्यासाचे प्रकल्प तपासणाऱ्या प्राध्यापकांना पुढील अनुभव अपरिचित नसावा. लोणार सरोवरावरील दहा प्रकल्प हाती घेतले, तर बहुतेकांत सरोवराचे वय 'सुमारे ५२ हजार वर्षे' असे लिहिलेले असते. पुष्कळदा वाक्यही एकच असते आणि त्या वाक्यातील शुद्धलेखनाची चूकही. आधार विचारला की उत्तर येते, "सर, गुगलवर सगळ्यात वर हेच येते." या उत्तरात विद्यार्थ्याची लबाडी नसते. शोधयंत्राने जे वर दाखवले ते पारखूनच वर ठेवले असणार, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. ही समजूत त्याला बव्हंशी आपल्याकडूनच मिळालेली आहे, म्हणून तिची चिकित्सा प्राध्यापकवर्गापासून सुरू होणे इष्ट होय.

प्रथम लोणारविषयी. हे विवर आघातजन्य असून ते बेसाल्ट खडकात निर्माण झाले आहे, हे १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकातील शोधनिबंधाने सप्रमाण मांडले. पुढे १९९० च्या दशकात थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने त्याचे वय सुमारे ५२ हजार वर्षे (६ हजार कमी-अधिक) निघाले. २०११ मध्ये 'जिऑलॉजी' या नियतकालिकात आर्गॉन-आर्गॉन पद्धतीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो ५ लाख ७० हजार वर्षांचा (४७ हजार कमी-अधिक). दोन्ही आकड्यांत दहापटींहून अधिक अंतर आहे. कोणत्या पद्धतीच्या मर्यादा कोणत्या, हा भूशास्त्रज्ञांच्या चर्चेचा विषय. परंतु दुसरा आकडा प्रसिद्ध होऊन दशकाहून अधिक काळ लोटल्यावरही तो जिल्ह्यातल्याच विद्यार्थ्याच्या वहीत पोहोचत नाही, याचे कारण भूशास्त्रात शोधून सापडणार नाही. पहिला आकडा इतक्या पर्यटनविषयक पानांनी एकमेकांवरून उतरवून घेतला आहे की, शोधणाऱ्याला पुनरावृत्ती हाच पुरावा वाटू लागतो.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी क्रमवारीच्या मुळाशी जावे लागते, आणि तेथे प्राध्यापकाला ओळखीचाच माणूस भेटतो. १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्गेई ब्रिन व लॅरी पेज यांनी मांडलेली 'पेजरँक' ही कल्पना संदर्भ-उल्लेखाच्या परंपरेवर आधारलेली होती. ज्या निबंधाचा उल्लेख पुष्कळ निबंध करतात तो महत्त्वाचा, आणि महत्त्वाच्या निबंधाने केलेल्या उल्लेखाचे वजन अधिक. हाच न्याय त्यांनी पानांमधील दुव्यांना लावला. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ पासून पुरस्कारिलेल्या उल्लेख-सूचीचे हे आंतरजालीय रूप होय. ही पद्धती दखल मोजते. सत्यता मोजण्याचे साधन तिच्यात मुळातच नाही. पुढे क्रमवारीत इतर असंख्य निकष आले, तरी ही मर्यादा संपली नाही. एकमेकांचे उल्लेख परस्पर करून 'साइटेशन' वाढविणारी मंडळी आपल्या क्षेत्रात नवीन नाहीत. दुव्यांची शेती करणारा स्पॅमर त्यांचा सख्खा भाऊच म्हणावा लागेल.

दुसरा गैरसमज 'अपडेट' या शब्दाभोवतीचा. संकेतस्थळाचा क्रमांक घसरला की 'गुगलने शिक्षा केली' असे सर्रास बोलले जाते. वस्तुतः येथे दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी एखादे संकेतस्थळ तपासून केलेली कारवाई. तिची सूचना संकेतस्थळाच्या चालकाला 'सर्च कन्सोल'मध्ये मिळते. दुसरी म्हणजे अल्गोरिदममधील बदल, ज्यात बहुधा कोणावर ठपका नसतो. विद्यार्थ्याचे गुण तेवढेच राहावेत, पण गुणदानाचे निकष बदलल्याने गुणवत्ता यादीतील त्याचा क्रमांक खाली यावा, तसा हा प्रकार. अशा विद्यार्थ्याने परीक्षा नियंत्रकाला शिव्या देण्यात जसा अर्थ नाही, तसाच एका रात्रीत शंभर दुवे विकत घेण्यातही नाही.

अपडेटांचा इतिहासही हेच सांगतो. फेब्रुवारी २०११ मध्ये 'पांडा' आले, ते उथळ व उतारा स्वरूपाच्या पानांचे वजन घटविण्यासाठी. एप्रिल २०१२ मध्ये आलेल्या 'पेंग्विन'चा रोख खरेदी केलेल्या व बनावट दुव्यांवर होता. सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विनची रीत बदलली. बनावट दुव्यांपायी संकेतस्थळ खाली ओढण्याऐवजी ते दुवे मोजणीतूनच वगळण्यावर भर आला. म्हणजे ज्याने पैसे मोजून दुवे घेतले, त्याचे पैसे अनेकदा नुसतेच वाया जातात. कीवर्डांची माळ पानाच्या 'मेटा टॅग'मध्ये घालण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. ती माळ आपण क्रमवारीसाठी विचारात घेत नाही, असे गुगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले होते. तेराही तालुक्यांच्या नावांनी तेरा पाने काढायची आणि मजकूर एकच ठेवून फक्त 'चिखली'च्या जागी 'मेहकर' घालायचे, हा उद्योग 'डोअरवे' पानांच्या सदरात मोडतो. एकदिवसीय कार्यशाळांतून हे सारे 'तंत्र' म्हणून शिकविले जाते. प्रमाणपत्र हमखास मिळते, शंका मात्र तशीच घरी न्यावी लागते.

मात्र कंपनीचे म्हणणे तेवढे खरे आणि बाकी सर्व गैरसमज, अशी सरळ विभागणी करणे अभ्यासकाला शोभणारे नाही. वाचकांच्या क्लिकांचा क्रमवारीशी थेट संबंध नाही, असे कंपनीचे प्रतिनिधी दीर्घकाळ सुचवीत आले. २०२३ मध्ये अमेरिकेतील मक्तेदारीविरोधी खटल्यात गुगलचे उपाध्यक्ष पांडू नायक यांच्या साक्षीतून 'नॅवबूस्ट' ही क्लिकांच्या नोंदी वापरणारी व्यवस्था सर्वांसमोर आली. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी सामान्य शोधसेवेच्या बाजारपेठेत गुगलने मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकविल्याचा निर्णय दिला. ज्यांची 'अडाणी समजूत' म्हणून टवाळी झाली, त्यांच्या काही अटकळी निराधार नव्हत्या. निकष गुप्त असले की अफवांना पेव फुटते, ही बाब व्यापारी शोधयंत्राला जितकी लागू, तितकीच आपल्या निवड समित्यांनाही.

आता महाविद्यालयांना थेट भिडणाऱ्या गैरसमजाकडे वळू. 'एसी डॉट इन' या शेपटीच्या संकेतस्थळावरून मिळालेल्या दुव्याला जादा वजन असते, असे दुव्यांच्या बाजारात मानले जाते. केवळ नावाच्या शेवटच्या अक्षरांना स्वतंत्र गुण दिले जात नाहीत, असे गुगलच्या वतीने वारंवार सांगण्यात आले आहे. तरीही बाजारभाव श्रद्धेवर ठरतो आणि त्या श्रद्धेची किंमत महाविद्यालये मोजतात. ही नावे अर्नेट इंडियामार्फत केवळ शैक्षणिक संस्थांनाच मिळतात. स्पॅमरला ती सरळ मार्गाने घेता येत नाहीत, म्हणून तो दुसऱ्याच्या घरात शिरतो. नॅकच्या भेटीआधी घाईने करून घेतलेले, अहवाल चढवून झाल्यावर वर्षानुवर्षे न उघडलेले आणि कंत्राटदाराने दिलेला पासवर्डही न बदललेले संकेतस्थळ त्याला सहज सापडते. मग त्याच्या पोटात जुगाराच्या, सट्ट्याच्या वा बनावट औषधांच्या जाहिरातींची शेकडो पाने निर्माण होतात.

यातील मख्खी अशी की, ही पाने प्राचार्यांना दिसत नाहीत. घुसखोराने लिहिलेली आज्ञावली शोधयंत्राला एक रूप दाखवते आणि थेट पत्ता टाइप करून येणाऱ्याला दुसरे, नेहमीचे स्वच्छ रूप. प्राचार्य पान उघडतात, संस्थापकांचे छायाचित्र व प्रवेश-सूचना जागच्या जागी असते, आणि तक्रार करणाऱ्याची समजूत घालून त्याला परत पाठविले जाते. शोधचौकटीत इंग्रजी 'साइट' हा शब्द, विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह आणि लगेच महाविद्यालयाचा पत्ता, मध्ये जागा न सोडता, असे लिहून पाहिले तर शोधयंत्राच्या नोंदीत असलेली बरीचशी पाने समोर येतात. हे काम ग्रंथपालाला महिन्यातून एकदा दहा मिनिटांत करता येईल. क्रमांक घसरल्यावर 'अपडेट'ला दोष देण्याआधी एवढे तरी पाहावे.

मार्च २०२४ मध्ये गुगलने स्पॅमविषयक धोरणात तीन प्रकारांची नव्याने भर घातली. यंत्राद्वारे वा अन्य मार्गाने घाऊक प्रमाणात पाने काढणे, मुदत संपलेली जुनी संकेतनामे विकत घेऊन त्यांच्या पुण्याईवर जगणे, आणि प्रतिष्ठित संकेतस्थळाच्या आश्रयाने परका मजकूर छापणे, असे ते प्रकार. यांतील पहिला मराठीच्या दृष्टीने विशेष चिंतेचा आहे. ज्या विषयावर इंग्रजीत हजारो पाने आहेत, त्यावर मराठीत मोजकीच असतात. म्हणून यंत्रानुवादित निकृष्ट पानालाही मराठीत वरची जागा मिळविण्यासाठी फारशी स्पर्धा करावी लागत नाही. लोणारचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले, तेव्हा त्याचे कारण क्षारप्रिय हॅलोआर्किया सूक्ष्मजीव असल्याचा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीतून निघाला. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. हे सारे मराठीत नीट, संदर्भांसह लिहून ठेवण्याचे काम सरोवरापासून तासा-दोन तासांच्या अंतरावरील आपल्या विभागांचे होते. आपण रिकामी ठेवलेली जागा कोणीतरी भरणारच, आणि ती भरताना त्याला लोणारशी काहीच देणेघेणे असणार नाही.

दुसरा प्रकार आपल्या पदोन्नतीशी जोडलेला आहे. जुन्या नियतकालिकाचे सुटलेले संकेतनाम घेऊन, तेच शीर्षक व तोच आयएसएसएन क्रमांक लावून उभारलेली बनावट नियतकालिके शोधात अस्सलाच्या शेजारी, क्वचित त्याच्याही वर दिसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्यता यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. २०१९ मध्ये 'केअर' यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करण्याचा निर्णय आयोगाने जाहीर केला. निवडीची जबाबदारी आता संस्था व शिक्षक यांच्यावर आली आहे. यादी नाही म्हटल्यावर बहुतेकांचा हात शोधचौकटीकडेच जाणार. 'गुगल स्कॉलरमध्ये समाविष्ट' हे शब्द नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर मान्यतेसारखे छापले जातात; वास्तविक स्कॉलर ही यंत्राने केलेली नोंद आहे, परीक्षण नव्हे. जो प्राध्यापक विद्यार्थ्याला 'पहिले आले म्हणून खरे का?' असे विचारतो, तोच स्वतःचा निबंध पाठविताना पहिल्या पानावरच्या नियतकालिकाला दोन हजार रुपये भरून मोकळा होतो, असेही घडते.

प्रकल्पांच्या बाबतीत एक लहानसा बदल करून पाहण्यासारखा आहे. लोणारचे वय लिहिताना विद्यार्थ्याने आकड्यापुढे मोजणीची पद्धत व निबंधाचे वर्ष लिहावे, आणि दोन आकडे सापडले तर दोन्ही नोंदवावेत, एवढीच अट घालायची. 'पहिल्यांदा हेच येते' हे उत्तर मग पुरत नाही. विद्यार्थी दुसऱ्या, तिसऱ्या पानापर्यंत जातो, तेथेही अडला तर ग्रंथपालाकडे येतो, आणि कधी कधी विचारतो, "सर, मग तुमच्या नोट्समध्ये ५२ हजारच का आहे?"