तिजोरी दिसते, कोठडी दिसत नाही

न्यूयॉर्कचं ग्रँड सेंट्रल स्थानक १९१३ साली सुरू झालं. तिथली एक जागा १९२३ मध्ये जॉन कॅम्पबेल या धनाढ्याने भाड्याने घेतली आणि फ्लॉरेन्सच्या महालाच्या थाटाची कचेरी केली. आज तिथे ‘द कॅम्पबेल’ हा बार आहे. उंच रंगवलेलं छत, प्रचंड खिडकी, शेकोटीच्या जागी त्याची पोलादी तिजोरी. मंद दिव्यात कॉकटेल घेऊन बसलं की बाहेर स्थानकाची धावपळ आहे हे विसरायलाच होतं. काम चोख आहे. इंजिनिअर म्हणून मी दाद देतो.

पण १९५७ मध्ये कॅम्पबेल वारल्यावर ही जागा सिग्नलवाल्यांचं ऑफिस झाली, पुढे पोलिसांची बंदुका ठेवायची खोली आणि लॉकअपसुद्धा. १९९९ मध्ये बार झाला तेव्हा शेठजी परत आले. सिग्नलवाले आणि कैदी मला सजावटीत कुठे दिसले नाहीत.

आपल्याकडेही वाड्याचं हॉटेल होतं तेव्हा दिवाणखाना जपतात, भाडेकरूंच्या खोल्या पुसल्या जातात. वाडा पाडण्यापेक्षा हे बरंच म्हणायचं. तरी मालकाच्या नावाच्या पाटीखाली नंतरच्या वहिवाटीच्या दोन ओळी लिहायला असा किती खर्च येतो?