मानधन की हक्क?

दलित साहित्याच्या समीक्षेने कवितेच्या शब्दामागचा माणूस शोधला. पण त्याच कवितासंग्रहाच्या मुखपृष्ठामागचा माणूस तिने क्वचितच शोधला. मिरवणुकीतील फलक, दिनदर्शिकेवरील बाबासाहेब, विहाराच्या भिंतीवरील बुद्ध ही आपल्या चळवळीची दृश्य भाषा आहे. ती घडविणारा हात मात्र बहुधा निनावी राहतो, आणि निनावी हाताची किंमत कोणी विचारीत नाही.

खडकीसारख्या कामगारवस्तीत ही विसंगती विशेष खटकते. येथील दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. पगार आणि ओव्हरटाइम हा हक्क आहे, हे तेथील कामगाराला शिकवावे लागत नाही. तोच जयंती मंडळाचा पदाधिकारी झाला की चित्रकाराला म्हणतो, 'चळवळीचं काम आहे, समजून घ्या.' मग शाल, नारळ आणि मानधन. ह्यातला मान देणाऱ्याच्या मर्जीचा आणि धनही त्याच्याच मर्जीचे. काम ठरलेले, मोबदला मात्र खळ्यावर धनी टाकील तेवढा, ही बलुत्याचीच रीत झाली. महारवतनाच्या जाचाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले, ते ह्याच रीतीच्या विरोधात.

चित्र विकणे वेगळे आणि ते छापण्याचा परवाना देणे वेगळे. खडकीहून लोणावळ्याच्या लोकलने जाताना मळवली लागते. राजा रविवर्म्याचा १८९४ साली मुंबईत निघालेला छापखाना पुढे ह्याच परिसरात आला. मग तो जर्मन तंत्रज्ञ श्लायशर ह्याला चित्रे छापण्याच्या हक्कांसह विकला गेला. मूळ कॅनव्हास कोणाच्याही दिवाणखान्यात असो, घरोघर गेलेल्या देवादिकांच्या प्रतींचे उत्पन्न हक्क ज्याच्याकडे त्याचे. राजेरजवाड्यांच्या चित्रकाराच्या बाबतीत ह्या हक्काला किंमत होती. वस्तीतल्या चित्रकाराच्या बाबतीत तो हक्क आहे, हेच कोणाला सुचत नाही.

कायदा काय सांगतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने चित्रकाराला हक्क दिला. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. पण कलम १७ मध्ये खोच आहे. कोणी पैसे देऊन चित्र काढून घेतले आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा ठरतो. म्हणजे तोंडी व्यवहारात हजार रुपयांच्या मानधनाबरोबर सगळा हक्कही जातो. म्हणून काम हाती घेण्यापूर्वीच 'कॉपीराइट चित्रकाराचा' हे कागदावर हवे. हक्क दिला तरी चित्राखाली नाव मागण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे त्याच्याकडेच राहतो.

किंमत ठरवताना चार प्रश्न विचारावेत. कशावर छापणार? किती प्रती? किती काळ? आणि हा परवाना एकट्यालाच की इतरांनाही? समजा, वीस रुपयांच्या दिनदर्शिकेच्या पाच हजार प्रती निघाल्या. विक्री लाखाची झाली. पाच टक्के धरले तर चित्रकाराचे पाच हजार, आणि तेही एका वर्षापुरते. पुढच्या वर्षी पुन्हा छापायची तर पुन्हा परवाना घ्यावा. सर्वकाळचा, सर्व वस्तूंवरचा हक्क मागणाऱ्याने त्याच्या कितीतरी पट मोजले पाहिजेत. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो. म्हणून मुदतही लिहावी.

यावर आक्षेप येईल की आमच्या नियतकालिकांकडे कागदाला पैसे नसतात. ते खरेच आहे. पण फुकट देण्याचा अधिकारही चित्रकाराचाच आहे. त्याने एका अंकापुरते, एक रुपयात, लेखी परवानगीने चित्र दिले तर तो चळवळीतला सहभाग. न विचारता घेतले तर ती वेठ. आणि जो व्यापारी तेच चित्र दिनदर्शिकांवर आणि टी-शर्टांवर छापून दीक्षाभूमीच्या गर्दीत विकतो, त्याला तर चळवळीचे नाव घेण्याचाही अधिकार नाही.

ह्याची सुरुवात आपल्या घरापासून व्हावी. प्रत्येक मंडळाच्या जमाखर्चात मंडप आणि ध्वनिक्षेपक यांच्या रकान्यांशेजारी चित्रकाराचा रकाना असावा, आणि प्रत्येक अंकात मुखपृष्ठकाराचे नाव असावे. वेठीविरुद्ध लिहिणाऱ्या साहित्याने आपले मुखपृष्ठ वेठीवर काढून घेऊ नये.