चोरावर मोर, आणि इमानी केन

‘अ फिश कॉल्ड वांडा’ (१९८८) चोरावर मोर होण्याच्या खेळावरच उभा आहे. लंडनमध्ये हिऱ्यांचा दरोडा पडतो. सामील चौघे: म्होरक्या जॉर्ज, त्याची प्रेयसी वांडा, तिचा भाऊ म्हणून वावरणारा पण खरा प्रियकर असलेला ओटो आणि बोलताना अडखळणारा, प्राण्यांवर जीव टाकणारा केन. माल हाती येताच वांडा आणि ओटो जॉर्जला पोलिसांच्या तोंडी देतात. ओटो तिजोरी उघडायला वाकतो तेव्हा त्याच्याही डोक्यात हाणायला वांडा मागे सज्ज असते. तिजोरी निघते रिकामी! जॉर्जने हिरे आधीच हलवलेले असतात.

जॉन क्लीजच्या पटकथेची सारी गंमत या प्रसंगात आहे. प्रत्येकाजवळ एक गुपित जास्त, आणि प्रेक्षकाजवळ सगळ्यांची गुपितं. त्यामुळे घाव पडण्याआधीच हसू फुटतं. दिग्दर्शक चार्ल्स क्रायटन यांनी १९५१ साली ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’ ही चोरांचीच कॉमेडी केली होती. इथे पंच्याहत्तरी उलटल्यावरही त्यांचा हात तितकाच सफाईदार आहे. विनोद पिकेपर्यंत ते घाई करत नाहीत.

पण मला हा चित्रपट थोर वाटतो तो केनमुळे. या टोळीत कुणालाही न फसवणारा तो एकटाच. जॉर्जच्या शब्दाखातर तो साक्षीदार म्हातारीला मारायला निघतो आणि दर वेळी मरतो तिचा एखादा कुत्रा. प्रत्येक दफनाला केन ढसाढसा रडतो. म्हातारी अखेर तिसऱ्या कुत्र्याच्या धक्क्यानेच जाते. क्रौर्य आणि कणव इतकी एकजीव झालेली की हसावं की हळहळावं, कळत नाही.

पुढे ओटो त्याला बांधून घालतो, नाकपुड्यांत बटाट्याच्या चिप्स कोंबतो आणि त्याचे लाडके मासे एकेक करून गिळत हिऱ्यांचा पत्ता काढून घेतो. मग जॉर्जचा वकील आर्ची त्याच पत्त्यासाठी धावत येतो. पत्ता केनच्या ओठांवर आहे, विमान सुटायला आलंय आणि शब्द काही बाहेर पडत नाही. केन साकारणाऱ्या मायकेल पेलिन यांचे वडील स्वतः तोतरे बोलत. म्हणूनच असेल, त्यांच्या अभिनयात टवाळी नाही, शब्दासाठी झगडणाऱ्या माणसाची खरी तगमग आहे. हसू येतं ते आर्चीच्या सुटत चाललेल्या धीराचं.

केव्हिन क्लाइनला ओटोसाठी ऑस्कर मिळालं, आणि ते रास्तच होतं: स्वतःला तत्त्वज्ञ समजणारा असा मूर्ख पडद्यावर दुर्मीळच. पण त्याचा हिशेब चुकता करतो केन. विमानतळावर ओल्या सिमेंटमध्ये रुतलेल्या ओटोवर तो रोडरोलर घालतो आणि त्याची वाचा मोकळी होते. फसवणुकीच्या या अख्ख्या कारखान्यात न्याय देण्याचा मान पटकथेने एकमेव इमानी माणसाला दिला आहे. म्हणूनच इतक्या दगाबाजीनंतरही हा चित्रपट मनात कडवटपणा ठेवत नाही.