भिंतीपलीकडचा आवाज

इंटरॅक्टिव्ह फिक्शनमधल्या, म्हणजे मजकुरातून खेळायच्या कथांमधल्या, खोल्यांना दारे पुष्कळ असतात, खिडक्या मात्र क्वचित. विल क्राउदर आणि डॉन वूड्स यांच्या ‘ॲडव्हेंचर’मध्ये (१९७७) हे खपून गेले, कारण तो सगळा कारभार गुहेतला. भुयारात पुढच्या दालनातले दिसले नाही तर कोण तक्रार करणार? पण पुढे त्याच साच्यात बागा, समुद्रकिनारे आणि राजवाडे लिहिले जाऊ लागले आणि दहा पावलांवर उभा असलेला माणूसही खेळाडूला दिसेनासा झाला.

याचे मूळ यंत्राच्या घडणीत आहे. ‘झॉर्क’ हा खेळ घरगुती संगणकांवर आणण्यासाठी इन्फोकॉम कंपनीने झेड-मशीन नावाचे जे आभासी यंत्र रचले, त्यात सगळे जग एका झाडासारखे मांडलेले असते: दिवा पिशवीत, पिशवी खेळाडूकडे, खेळाडू खोलीत. कोणतीही वस्तू एका वेळी एकाच ठिकाणी. सुरुवातीच्या आवृत्त्यांत वस्तूंची कमाल संख्या २५५ होती आणि त्यातच खोल्याही मोजल्या जात. शेजारच्या खोलीशी नाते एवढेच, की उत्तरेला गेलात तर तिथे पोचाल. काय दिसेल, काय ऐकू येईल, याला त्या मांडणीत जागाच नव्हती.

इन्फोकॉमच्याच मार्क ब्लँक यांना ‘डेडलाइन’मध्ये (१९८२) हे अडले. तिथे बंगल्यातली माणसे आपापल्या वेळापत्रकाने फिरतात आणि गुप्तहेर झालेल्या खेळाडूला त्यांच्यावर नजर ठेवायची असते. म्हणून एका सरळ रेषेतल्या जागा एकाच कॉरिडॉरच्या धरल्या गेल्या. लांबून जाणारा माणूस कोण आणि कुठल्या दिशेला, एवढेच कळते. पण संशय यायला तेवढे पुरते.

असे खेळ लिहिण्यासाठीच्या ग्रॅहम नेल्सन यांच्या इन्फॉर्म या भाषेने (१९९३) लेखकाच्या हाती ‘स्कोप’ दिला. खेळाडू ज्यांची नावे घेऊ शकतो, त्या वस्तूंची ही यादी. तीत पलीकडच्या खोलीतली वस्तू टाकली की ती पाहता येते. २००६मध्ये आलेल्या इन्फॉर्म ७च्या पुस्तिकेत दुसऱ्या खोलीतले दाखवणाऱ्या दुर्बिणीचे उदाहरण आहे, आणि अशा एका खिडकीचेही, जी उघडी असेल तरच पलीकडे हात पोचतो. दिसणे आणि हाताशी असणे यांचे नियम वेगळे ठेवले, हा शहाणपणा. नाहीतर दुर्बिणीतून दिसलेले फूल खेळाडू बसल्या जागी तोडून खिशात घालील.

या बाबतीत मायकेल रॉबर्ट्स यांच्या टॅड्स ३ या तशाच भाषेइतका खोल विचार क्वचितच कुठे झाला असेल. तिथे दृष्टी, श्रवण, गंध आणि स्पर्श यांचे हिशेब वेगवेगळे. दोन जागांमधल्या जोडणीतून प्रत्येक संवेदना स्वच्छ येते, क्षीण होऊन येते, अंधुक येते की येतच नाही, हे ठरवता येते. वस्तू दिसायला किती मोठी आणि तिचा आवाज किती मोठा, हेही. चाळीतल्या पार्टिशनमधून कुकरची शिट्टी यावी पण कुकर दिसू नये, असे जग इथे थोडक्या ओळींत उभे राहते. घोडे अडते ते भाषेवर. हा हिशेब केल्यावर टॅड्सचा तयार कोड आपणहून जे वाक्य जुळवतो, ते मैदानाच्या उत्तर टोकाला एक बाक व एक कुत्रा आहे, अशा पंचनाम्याच्या थाटाचे. काय दिसते ते त्याला कळते, नजर कशावर ठरेल ते कळत नाही.

आवाजाची स्थिती याहून वाईट. इन्फॉर्म ७मध्ये कान देऊन ऐकायला सांगा, लेखकाने वेगळे काही लिहिले नसेल तर विशेष काही ऐकू येत नाही असेच उत्तर. दुसऱ्या पात्राची हालचाल कळवायची तर ते खेळाडूला दिसत असायला हवे. शेजारच्या खोलीत नोकराने काचेचे भांडे फोडले तरी इकडे शांतता! वस्तू टिकते, आवाज घडतो आणि सरतो. वस्तूंच्या झाडावर त्याला टांगायचे कुठे? टॅड्समध्ये ध्वनीच्या घटनांसाठी स्वतंत्र सोय आहे. तिच्या जिवावर अख्खी कथा उभी करण्याची हिंमत मात्र विरळा.

ती हिंमत मायकेल बर्लिन यांनी कितीतरी आधी, ‘सस्पेंडेड’मध्ये (१९८३) केली होती. खेळाडू जमिनीखालच्या केंद्रात गोठवलेल्या अवस्थेत पडून. सहा यंत्रमानव त्याच्यासाठी फिरतात. आयरिसला दिसते, पण सुरुवातीला तीच नादुरुस्त. ऑडाला ऐकू येते. सेन्साला कंपने जाणवतात. पोएट कोड्यात बोलतो. एकाच खोलीचे सहा वृत्तांत, आणि त्यांतून खोली उभी करायची खेळाडूने. सोबत छापील नकाशा आणि यंत्रमानवांच्या सोंगट्या दिल्या होत्या, आणि त्या लागतातच. माझ्या मते या प्रश्नाचे इतके निर्भीड उत्तर नंतर आले नाही. त्याच्या जवळ जातो तो जॉन इन्गोल्ड यांचा ‘फेल-सेफ’ (२०००): तिथे रेडिओवरचा माणूस स्वतःला जे दिसते ते सांगतो, आणि खेळाडूच्या आज्ञा वाचणाऱ्या पार्सरचे न समजणे खराब लाइनच्या नावावर खपते.

ट्वाइन या कथा रचण्याच्या साधनाने (२००९) खोलीच काढून टाकली. तिथे मजकुराचे तुकडे दुव्यांनी जोडायचे आणि भिंतीपलीकडची कुजबुज हवी तर सरळ लिहून टाकायची. मोठी सुटका, यात शंका नाही. पण खेळाडूने मधले दार लावून घेतले तर पुढच्या प्रत्येक तुकड्यातली ती कुजबुज आठवणीने पुसायचे काम मग लेखकाच्याच गळ्यात.