पानांचा स्लायडर

फोटोशॉपच्या ‘फिल्टर’ मेन्यूत ‘रेंडर’ आहे आणि त्याच्या आत ‘ट्री’. क्लिक केलं की तयार झाड मिळतं. जात यादीतून निवडायची. पानं किती, फांद्या किती जाड, उजेड कुठून, हे स्लायडर सरकवून ठरवायचं. हे झाड मला आवडत नाही, पण त्याचा रागही येत नाही. ते खऱ्या झाडाची नक्कल करतं आणि ते लपवतही नाही. माझी तक्रार आहे ती लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात, कॅफेच्या भिंतीवर, कुर्त्याच्या पाठीवर दिसणाऱ्या झाडाबद्दल. गेरूच्या रंगावरचं पांढरं ‘वारली’ झाड.

ते कसं बनतं हे मी जवळून बघते, कारण माझं रोजचं काम इंकस्केपमध्येच चालतं. पेन टूलने एक फांदी. तिला एक पान. ते पान कॉपी करून फांदीभर पेस्ट. मग सगळी फांदी डुप्लिकेट करून आडवी उलटली की झाडाची दुसरी बाजू तयार. हे फारच गुळगुळीत दिसतं, म्हणून शेवटी रेघांच्या कडा जरा खडबडीत करायच्या आणि मागे मातीच्या भिंतीचा फोटो लावायचा. गावठीपणा इथे सगळ्यात शेवटी येतो, भाजीवर कोथिंबीर भुरभुरावी तसा.

डहाणू-तलासरीकडे तो सगळ्यात आधी येतो. कुडाची, शेणामातीनं सारवलेली भिंत मुळात सपाट नसते. त्यावर पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. काडीनं पीठ किती धरलंय त्यावर रेघ कुठवर जाणार हे ठरतं. दोन-चार पानं ठसठशीत, पुढची बारीक, मग काडी पुन्हा वाटीत. खडबडीतपणा म्हणजे हा हिशोब. तो कुणी ‘इफेक्ट’ म्हणून आणलेला नसतो.

आता कुणी म्हणेल, म्हणजे माध्यम बदललं की कला बाटली? अजिबात नाही. पूर्वी लग्नघरातला चौक सवाशिणी लिहायच्या, मधोमध पालघट देवी. 1970 च्या दशकात गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी हीच चित्रभाषा कागदावर आणि कापडावर नेली. पुरुषानं काढलेली, लग्नाशिवायची, विकत घेता येणारी चित्रं. पुढे 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी जवळजवळ सगळंच बदललं, पण पान मात्र एकेक करूनच काढलं. त्यांच्या झाडांसमोर उभं राहिलं की डोळा फांदीवरून चालत जातो, कारण शेजारचं पान वेगळं असतं. कॉपी केलेल्या झाडात एक पान पाहिलं की बाकीची पाहावी लागत नाहीत.

आणखी एक गोष्ट मला जास्त खुपते. वारली चित्रातल्या झाडावर वर्दळ असते. ताडावर ताडी काढायला माणूस चढलेला असतो, फांदीत पक्षी असतात, बुंध्याशी कुणीतरी काहीतरी करत असतं. तयार व्हेक्टरच्या संचात झाड वेगळं, माणूस वेगळा, तारपा वेगळा. हवं ते उचला. तिथल्या झाडाला जात नसते आणि त्यावर कुणाला चढताही येत नाही. सजावट होते ती इथे, सॉफ्टवेअरमुळे नव्हे.

कारण सॉफ्टवेअरला दुसरंही जमतं. टॅबलेटवर पेनाचा दाब ओळखणारा ब्रश घ्या, कॉपी-पेस्ट विसरा, ताड की बांबू ते आधी ठरवा आणि बुंध्यापासून वर जा. झाड बरंच जिवंत होतं. फक्त एका झाडाला अख्खी दुपार जाते. पत्रिकेच्या बजेटमध्ये ती दुपार बसत नाही, हे मला मान्य आहे. मग त्या कोपऱ्यात झाड नको. दोन साध्या रेघांची चौकट पुरे.