एकटी दश्शी

मेंढीकोटमधली एक चाल जवळजवळ कुणीच खेळत नाही. हातात बदामाचं एकच पान आहे, ते दश्शी आहे, पहिली उतारी आपली आहे, आणि आपण तीच दश्शी उतरतो.

माझा मामा ही चाल खेळायचा. मे महिन्यात चांदा फोर्टहून गोंदियाच्या गाडीत बसून आम्ही वडशाला जायचो. (कागदावर देसाईगंज, तोंडात वडसा.) चंद्रपूरच्या उन्हातून वडशाच्या उन्हात जाणं म्हणजे सुट्टी. दुपारभर पडवीत पत्ते. मी बारा वर्षांचा होतो, मामाचा भिडू होतो, आणि त्याने पहिल्याच हाताला बदाम दश्शी टाकली. एक्का मावसभावाकडे निघाला. मेंढी गेली. पुढे माझ्या हाती उतारी आली तेव्हा मी रागाने माझे एक्के-राजे एकामागून एक उतरले. डाव हरलो. मामा एवढंच म्हणाला, "मी बदाम कायले टाकला होता, ते तू पायलंच नाही बे."

मी त्याला उधळ्या समजलो. पुढची निदान दहा वर्षं समजत होतो.

खेळ सगळ्यांना माहीत असतो, तरी थोडक्यात. चार जण, दोन जोड्या, प्रत्येकाला तेरा पानं. दश्शी म्हणजे मेंढी. तीन मेंढ्या मिळवणारी जोडी जिंकते, चारही मिळाल्या तर कोट. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात सात किंवा जास्त ते जिंकले. आम्ही कट हुकूम खेळायचो. म्हणजे सुरुवातीला हुकूमच नाही. उतरलेला रंग ज्याच्याकडे पहिल्यांदा नसेल, तो जे पान टाकेल त्याचा रंग हुकूम.

आता हिशेब. एक्का माझ्याकडे नाही, म्हणजे उरलेल्या तिघांपैकी एकाकडे आहे. भिडूकडे असण्याची शक्यता तीनात एक. तीनात दोनदा मेंढी गमावणारी चाल कोण खेळेल? हा हिशेब बरोबर आहे, पण अर्धा आहे. तो असं गृहीत धरतो की दश्शी हातात ठेवली तर ती सुरक्षित असते. एकटी दश्शी सुरक्षित नसतेच. विरोधकाने बदामाचा एक्का उतरला की ती पडलीच, कारण टाकायला दुसरा बदाम नाही. ती वाचते एक तर भिडूने एक्का उतरला तर, नाहीतर दुसरा एखादा रंग आपल्याकडे संपला आणि आपण तिथे दश्शी टाकून हुकूम केला तर. दुसऱ्या वाटेत गंमत बघा: मेंढी वाचते, पण हुकूम होतो बदाम, आणि आपल्याकडे पुढे एकही बदाम नाही!

उलट ती पहिल्याच हाताला गेली, तर आपण बदामातून मोकळे. पुन्हा बदाम आला की हुकूम ठरवायचा आपण, आणि अर्थात आपल्या सगळ्यात लांब रंगाचा. एक मेंढी देऊन हुकूम विकत घ्यायचा. किलवरची सहा-सात पानं हातात असतील तर हा सौदा वाईट नाही. नसतील तर मात्र हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि मामाने तोही अनेकदा केला असणार.

हे मला कळलं ते वडशात नाही, इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये, 'मॅजिक: द गॅदरिंग' खेळताना. 1993 साली आलेला, पानं गोळा करून आपापली गड्डी बांधायचा हा खेळ. 1995 च्या 'आइस एज' संचात 'नेक्रोपोटन्स' नावाचं पान आलं. ते मांडलं की दर वेळी फुकट मिळणारं पान बंद. त्याऐवजी आपल्या वीस प्राणांपैकी एकेक प्राण मोजून एकेक पान घ्यायचं. सुरुवातीला अनेकांनी ते टाकाऊ ठरवलं. 1996 च्या उन्हाळ्यात त्याच पानाभोवती बांधलेल्या काळ्या गड्ड्यांनी स्पर्धा इतक्या व्यापल्या की त्याला 'ब्लॅक समर' नाव पडलं. आज लेगसी प्रकारात त्यावर बंदी आहे. लोकांनी किंमत वाचली होती. त्या किमतीत काय मिळतं ते वाचलं नव्हतं. शेवटचा एक प्राण शिल्लक असेपर्यंत आधीचे एकोणीस हे चलन आहे, हे उशिरा कळलं.

इथवर दोन्ही पानं सारखी वाटतात. पण मला दश्शी जास्त अवघड, आणि खेळ म्हणून मेंढीकोट जास्त खोल वाटतो. नेक्रोपोटन्सची किंमत खेळणारा स्वतःच्या प्राणांतून देतो. एकट्या दश्शीची किंमत भिडूच्याही खात्यातून जाते, त्याला न विचारता. शिवाय चाल तिथे संपत नाही. शहाणा विरोधक परत बदाम उतरणारच नाही, त्याला वास आलेला असतो. बदाम परत आणायचा तो भिडूने. खुणा करायच्या नाहीत, बोलायचं नाही. टाकलेलं पान हाच निरोप. तो वाचला गेला नाही तर चाल नुसती उधळपट्टी ठरते. मधेच तिसऱ्याच कुणाचा रंग संपला तर हुकूम त्याचा, हे वेगळंच.

मी एकदा याचं सिम्युलेशन लिहायला घेतलं. पत्ते वाटणं सोपं गेलं. भिडूचं फंक्शन लिहिताना अडकलो: त्याला दश्शीचा अर्थ कळतो असं धरायचं की नाही? दोन्हीकडे उत्तर वेगळं येणार, आणि खरा प्रश्न तर तोच होता. सोडून दिलं.

बंद हुकमात ही चाल मरते. तिथे हुकूम आधीच पालथा ठेवलेला असतो, रंग संपवून तो निवडता येत नाही. म्हणून बंद हुकूम मला कमी आवडतो. नीटनेटका आहे, पण भिडूशी बोलायला त्यात जागा कमी.

यंदा मेमध्ये वडशाला गेलो होतो. मामाला आता पानं डोळ्यांजवळ धरावी लागतात. मला चौकटची एकटी दश्शी आली, किलवरची सहा पानं, उतारी माझी. टाकली. एक्का मावसभावाकडे निघाला, पुन्हा. तीन हातांनंतर इस्पिक एक्क्यावर मामाने हात घेतला, माझ्याकडे न बघता पानं चाचपली आणि चौकटची पंजी ठेवली. मी किलवरने कापलं.

शेवटी मेंढ्या दोन-दोन झाल्या, आणि हात त्यांचे सात. मामाने गड्डी माझ्याकडे सरकवली. "पीस."