पालासला काय ठाऊक?

फिल्म संपली. दिवे लागले. डोंबिवली पूर्वेच्या त्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग पहिला प्रश्न आला : त्या पेटीत काय होतं?

पुढचा पाऊण तास त्या पेटीवरच गेला.

फिल्म लुई ब्युन्युएलची, 'बेल द जूर'. १९६७ सालची. त्याच साली तिला व्हेनिसला सुवर्णसिंह मिळाला. दिग्दर्शक मूळचा स्पॅनिश, फिल्म फ्रेंच, कथा जोसेफ केसेलच्या १९२८ सालच्या कादंबरीवरून घेतलेली. पॅरिसमधल्या एका सर्जनची बायको सेव्हरीन. घर मोठं, नवरा देखणा न् भला. नवऱ्याला जवळ येऊ देत नाही, डोक्यात मात्र चाबूक, दोरखंड, अपमान असलं काहीबाही चाललेलं. एक दिवस ही बाई मादाम अनाईसच्या कोठीवर जाते न् धंद्याला बसते. दुपारी दोन ते पाच. पाचला घरी. एकदा एक आशियाई गिऱ्हाईक छोटी पेटी घेऊन येतो. पेटीतून गुणगुण ऐकू येते. दुसरी बाई नको म्हणते, सेव्हरीन हो म्हणते. आत काय ते ब्युन्युएल दाखवत नाही. लोक त्यालाही हेच विचारून छळायचे.

तर डोंबिवलीत एका सरांनी फ्रॉइड काढला. एक बाई म्हणाल्या, काय धाडस आहे! एक गृहस्थ सपत्नीक मध्येच उठून गेले होते, त्यांच्यावर सगळे हसले. मागच्या रांगेत आमची कल्याणची दोन पोरं होती. ती म्हणाली, 'एवढंच?' त्यांना कुणी तरी सांगितलेलं, फ्रेंच आहे. आपल्याकडं फ्रेंच म्हटलं की तसलंच असणार. पोरांना दोष देत नाही. आमच्या उमेदीत ठाण्याच्या टॉकीजमध्ये सकाळच्या खेळाला आम्हीही याच आशेनं बसायचो. पडद्यावर बाई खांद्यावरचा कपडा सोडायची, पुढच्या क्षणी ती मोटारीत बसलेली असायची. मधला तुकडा सेन्सॉरनं खाल्ला का ऑपरेटरनं, यावर आमची चर्चा. हॉलमधले सर प्रतीकं शोधत होते, आम्ही तुकडा. बाईकडं दोघांचंही लक्ष नव्हतं.

इथं एक जुना हिशेब मांडतो. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज १९५९ ला स्थापन झाली, सत्यजित राय तिचे पहिले अध्यक्ष. मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८ चं. सोसायट्यांच्या सभासदांना कात्री न लागलेल्या परदेशी फिल्म पाहायची सवलत होती. सत्तरच्या दशकात कितीतरी सभासद त्या एका सवलतीपायी वाढले, हे चळवळीतली माणसं स्वतःच सांगतात. त्याच सुमारास ख्वाजा अहमद अब्बास यांनी चार शहरांवर एक छोटी फिल्म केली. तीत मुंबईच्या वेश्यावस्तीची दृश्यं होती. सरकार म्हणालं, सर्वांना दाखवायची असेल तर ती कापा. अब्बास सुप्रीम कोर्टात गेले. खटला चालू असताना सरकारनं माघार घेतली, पण १९७० च्या निकालात कोर्टानं सेन्सॉर कायम ठेवला. म्हणजे पॅरिसची कोठी सभासदाला न कापता बघता येत होती. ग्रँटरोडच्या पलीकडची वस्ती कापावी का नाही, यासाठी सुप्रीम कोर्ट गाठावं लागलं. याला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं म्हणावं.

आता पालास. मादाम अनाईसच्या कोठीत एक मोलकरीण आहे. चादरी बदलते, साफसफाई करते, दार उघडते. तिची शाळकरी पोर त्याच घरात ये-जा करते. पेटीवाला गेल्यावर पालास खोलीत येते. सेव्हरीन अस्ताव्यस्त बिछान्यावर पालथी पडलेली. पालास म्हणते, त्या माणसाची मलाही भीती वाटली, कधी कधी हे फार जड जात असेल. सेव्हरीन मान वर करते. चेहऱ्यावर तृप्ती. म्हणते, तुला काय ठाऊक, पालास?

डोंबिवलीत या जागेबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. मीही नाही. माझ्या लक्षात तरी कुठं आलं होतं!

पुढच्या आठवड्यात आम्ही तीच फिल्म कल्याण पूर्वेला वाचनालयात लावली. भिंतीवर चादर, सात-आठ पोरं, इंग्रजी अक्षरं मी मराठीत सांगतोय. वाचनालयाची किल्ली जिच्याकडं असते ती मावशी कुलूप लावायला आली न् दारातच बसली. पोरांच्या माना खाली. मी बंद करायला उठलो तर म्हणाली, 'र्‍हाऊ दे बाळा. चाळीस वर्सं लोकांच्या बेडरूमा झाडते मी. मला काय दाखवतो?' मावशी रोज सकाळी लोकलनं डोंबिवलीला जाते. मध्ये एकच ठाकुर्ली.

एक गिऱ्हाईक बडा डॉक्टर असतो. नोकराचा वेष घालून बाईकडून चाबूक खातो, त्याचे पैसे मोजतो. एक पोरगा म्हणाला, 'पैसे देऊन? आमच्या आज्याला गावात फुकट मिळायचं.' सगळे हसले. मग हसू थांबलं.

आणखी एक जागा. सेव्हरीनच्या स्वप्नात तिला शुभ्र कपड्यात बांधून ठेवलंय न् तिच्यावर चिखल-घाण फेकली जातेय. त्यात तिला सुख आहे. मला मात्र तिथं सावित्रीबाई दिसली. १८४८ पासून पुण्यात शिकवायला जाताना जिच्या अंगावर शेण-चिखल पडला, जी पिशवीत दुसरं लुगडं ठेवायची. डोंबिवलीत नाट्यगृहाला तिचंच नाव आहे. शेण स्वप्नात पडणं न् शेण रस्त्यात पडणं. ज्याला रस्त्यात पडत नाही त्यालाच ते स्वप्नात परवडतं. ब्युन्युएल हे जाणून आहे असं मला वाटतं. १९५० मध्ये 'लोस ओल्विदादोस'मध्ये मेक्सिकोच्या झोपडपट्टीतली पोरं ज्यानं दाखवली, १९६४ मध्ये मोलकरणीला मध्यभागी ठेवून ज्यानं फिल्म केली, तो पालासला विसरलेला नाही. तो बड्या घरांची खिल्ली उडवतोय. पण खिल्ली उडवताना कॅमेरा सेव्हरीनच्या उंची कोटाबरोबर दाराबाहेर पडतो. पालासबरोबर एकदाही पडत नाही. ती चादर कुठं धुते, संध्याकाळी कुठल्या गाडीनं जाते, पत्ता नाही. ही फिल्मची मर्यादा आहे न् मी ती मर्यादाच म्हणणार. बाकी फिल्म पक्की आहे. कुठं रडगाणं नाही, कुठं बाईला शिक्षा करून प्रेक्षकाला मोकळं केलेलं नाही.

वाचनालयातून बाहेर पडल्यावर आपल्याच एका कार्यकर्त्यानं धरलं. 'असलं घाण दाखवता? आपली संस्कृती काय?' त्याला मी दोन सालं सांगितली. १९३४. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला. कर्व्यांचे वकील कोण? बाबासाहेब. खटला हरले, दंड झाला, पण उभे राहिले. लैंगिक प्रश्नाला उत्तर देणं म्हणजे अश्लीलता नव्हे, या बाजूनं उभे राहिले. दुसरं साल १९३६. १६ जून, परळचा दामोदर हॉल. कामाठीपुऱ्यातल्या बायांपुढं, मुरळ्या-जोगतिणींपुढं बाबासाहेब बोलले. हा धंदा सोडा, संसाराला लागा म्हणाले. आज आपल्यातल्या काही बाया या भाषणाशी भांडतात, पोटाचं काय म्हणून विचारतात. भांडू द्या. पण दोन वर्षांत एकच माणूस दोन्हीकडं उभा आहे. बोलायला बंदी नको म्हणून कोर्टात, न् बाजारात बाई नको म्हणून हॉलमध्ये. आपण यातलं एक साल पाठ करतो, दुसरं सोडतो.

आणि आपल्या कवितेचंही बघा. नामदेवचा 'गोलपिठा' १९७२ ला आला तेव्हा पांढरपेशांनी नाकाला रुमाल लावला. आपण हसलो, बरोबर हसलो. तो माणूस त्या गल्लीत वाढला होता. पण नंतर आपल्यातल्या किती जणांनी ती गल्ली न चालता नुसते तिचे शब्द उचलले? रांड हा शब्द कवितेत दहादा, आणि तिच्या पोरीची शाळा एकदाही नाही. मीही असल्या दोन कविता छापल्यात. नावासकट.

मावशी फिल्मभर फारसं बोलली नाही. शेवटी नवरा चाकाच्या खुर्चीत जखडलेला, सेव्हरीन शेजारी विणत बसलेली. तो उठला का, खरंच उठला का, यावर पोरं भांडायला लागली. मावशी मला म्हणाली, 'ती पोरगी कुनाची रं? दप्तरवाली?'

'मोलकरणीची.'

'मंग तिची फी कोन भरतं?'

मला सांगता आलं नाही. फिल्ममध्ये नाही.

आता त्या १९६४ च्या फिल्मचा खेळ ठेवायचाय, 'डायरी ऑफ अ चेंबरमेड'. मावशीला रविवार सांगितला. ती म्हणाली, रविवार नको, रविवारी दोन घरं जास्तीची असतात. तेव्हा बुधवारी, रात्री नऊनंतर.